रात्रशाळेच्या भिंतीसाठी लोकल-मेट्रोचा मराठी नकाशा : कामाच्या नोंदी

८ सप्टेंबर २०२५, सोमवार

गणपती गेले, आता हे काम हातात घेतले. लोअर परळच्या आमच्या रात्रशाळेला वर्गाबाहेरच्या पॅसेजमध्ये लावायला उपनगरी रेल्वे आणि मेट्रोचा मोठा नकाशा हवा आहे, सगळा मराठीत. शाळेत येणारी मुले दिवसा कुरिअर, हॉटेल, गॅरेज अशा कामांवर असतात. बरीचशी वर्ष-दोन वर्षांपूर्वी गावाहून आलेली. घर ते काम हा एक मार्ग पाठ असतो, बाकीची मुंबई विचारत विचारत. मुख्याध्यापिका बाईंचे म्हणणे आहे की दिवाळीच्या सुट्टीआधी नकाशा भिंतीवर लागावा.

कामावर मी दिवसभर कोरलड्रॉ या चित्रे-मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये असते. हे काम मात्र इंकस्केप या तशाच सॉफ्टवेअरमध्ये करणार. ते फुकट आहे, शाळेच्या संगणकांवर चढवता येते आणि फाइल एसव्हीजी या खुल्या स्वरूपात राहते. उद्या मी इथे नसले तरी शाळेतल्या कुणालाही ती उघडून दुरुस्त करता आली पाहिजे.

दुरुस्त्या तर होणारच. राम मंदिर स्थानक २०१६ च्या डिसेंबरात सुरू झाले. एल्फिन्स्टन रोडचे प्रभादेवी २०१८ मध्ये झाले. दिघा गाव २०२४ च्या जानेवारीत उघडले. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने करी रोड, सँडहर्स्ट रोड, मरीन लाइन्स, चर्नी रोड, कॉटन ग्रीन, डॉकयार्ड रोड, किंग्ज सर्कल अशा स्थानकांची नावे बदलायला मंजुरी दिली, पण फलकांवर अजून जुनीच नावे आहेत. मेट्रो ३ आचार्य अत्रे चौकापर्यंत आली आहे आणि पुढचा टप्पा तोंडावर आहे. असल्या शहराचा नकाशा काढायचा तर प्रत्येक रेघ आणि प्रत्येक नाव नंतर हलवता येईल अशा बेतानेच काढायला हवे. सगळे निर्णय या एका कसोटीवर घ्यायचे ठरवले आहे.

९ सप्टेंबर

कागद ए-१, उभा. चर्चगेट ते विरार सुमारे ६० किलोमीटर सरळ उत्तरेला, त्यामुळे आडव्या कागदाचा प्रश्नच नाही. डॉक्युमेंट प्रॉपर्टीजमध्ये एकक मिलिमीटर केले. लेयर असे लावले : किनारा, रेल्वे, मेट्रो, स्थानके, नावे आणि सगळ्यात वर ‘टिपणे’, जो छापायचा नाही. काम नसलेला लेयर कुलूप लावून ठेवायचा, म्हणजे नाव उचलताना खालची रेघ हातात येत नाही.

किनाऱ्याला फार वेळ दिला नाही. माहीमची खाडी, ठाण्याची खाडी, वसईची खाडी ओळखू आली की पुरे. पेन्सिल टूलने ढोबळ ओढला आणि कंट्रोल-एल ने सिंप्लिफाय केला. ही कळ लागोपाठ दाबली की दर वेळी जास्त नोड, म्हणजे रेघेवरचे बिंदू, गळतात, थांबून दाबली की थोडे थोडे.

११ सप्टेंबर

आधी रेषा काढून मग नावे बसवायची, ही नेहमीची रीत. मी उलटीकडून सुरुवात केली. सगळी स्थानके युनिकोडमध्ये टाइप करून घेतली. चर्चगेट ते विरार २९, सीएसएमटी ते कल्याण २६, मग हार्बर, ट्रान्स-हार्बर, मेट्रो. टंक मुक्ता घेतला. मुंबईच्याच ‘एक टाइप’ या संस्थेने केलेला, खुला, सात वजनांचा, म्हणजे सात जाड्यांचा. लहान आकारातही त्याच्या गाठी भरून येत नाहीत, ‘ष’ आणि ‘प’ दुरूनही वेगळे दिसतात.

नावे आधी टाइप केल्याचा फायदा लगेच दिसला. ‘खार रोड’ आणि ‘छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस’ यांना एकाच मापाची जागा देऊन चालणार नाही. सीएसएमटीला दोन ओळी आणि खाली लोकांच्या तोंडातले रूप, असे ठरवले.

आज आणखी एक गोष्ट ठरली. रोमन लिपीतल्या नकाशांत नावे ४५ अंशांत तिरकी लावायची सोय असते, कारण जागा वाचते. आपल्या लिपीत तसे करून पाहिले तर शिरोरेषाच तिरकी होते आणि शेजारच्या तिरक्या रुळाला समांतर जाऊन आणखी एक रूळ असल्यासारखी दिसते. जिथे रेषा वाचायच्या आहेत तिथे नावांनी रेषांचे सोंग घेता कामा नये. म्हणून एकही नाव तिरके नाही. त्याची किंमत म्हणजे रूळ शक्य तिथे उभे ठेवायचे, म्हणजे नावे उजवी-डावीकडे आडवी बसतील. मुंबईच्या बाबतीत ही किंमत भूगोलानेच भरून टाकली आहे.

१५ सप्टेंबर, सोमवार

आज रूळ. हॅरी बेकने लंडनच्या भुयारी रेल्वेचा नकाशा केला तो १९३३ मध्ये छापून आला. खरी अंतरे सोडून आडव्या, उभ्या आणि ४५ अंशांच्याच रेषा वापरायच्या, ही पद्धत तेव्हापासून जगभर रुळली. आपणही तीच वापरायची. पेन टूलमध्ये कंट्रोल दाबून ठेवले की रेघ ठरावीक कोनांतच फिरते. मुळात ते पाऊल १५ अंशांचे असते. प्रेफरन्सेसमध्ये बिहेवियर, त्यात स्टेप्स, तिथे ४५ केले. आता चुकूनही ३० अंशांची रेघ येणार नाही.

वळणे गोल हवीत, पण ती हाताने ओढायची नाहीत. रूळ टोकदार कोपऱ्यांचाच काढायचा आणि त्यावर पाथ इफेक्ट्समधला ‘कॉर्नर्स’ लावायचा. इफेक्ट जिवंत राहतो : कोपऱ्याचा नोड इकडचा तिकडे नेला तरी गोलाई त्याच्याबरोबर जाते आणि खाली मूळ टोकदार रेघ शाबूत असते. उद्या शहरात एखादी जोडमार्गिका आली आणि सगळा हार्बर पाच मिलिमीटर सरकवावा लागला तर हीच गोष्ट उपयोगी पडेल.

समांतर रुळांचे मात्र नीट सांगायला हवे. माहीमपासून गोरेगावपर्यंत पश्चिम रेल्वे आणि हार्बर शेजारी शेजारी धावतात. माझ्या नकाशात विलेपार्ले आणि अंधेरीच्या मध्ये दोन्ही ४५ अंशांत वळतात आणि पुढे पुन्हा सरळ होतात. रेघेची जाडी ४ मिलिमीटर, मधली फट १, म्हणजे दोन्हींच्या मध्यरेषांत ५ चे अंतर. दोन्ही कोपऱ्यांना ८ ची एकच त्रिज्या दिली की वळणावर फट रुंद होते, आणि ते भिंतीवर लांबूनही खुपेल. दोन्ही कमानींचे केंद्र एक हवे. आतल्या रुळाला ८ तर बाहेरच्याला ८ अधिक ५, म्हणजे १३. शिवाय वळण इंग्रजी एससारखे असल्यामुळे पहिल्या कोपऱ्यावर आत असलेला रूळ दुसऱ्या कोपऱ्यावर बाहेर जातो. त्यामुळे एका रुळाला एकच त्रिज्या देऊन भागत नाही. कॉर्नर्समध्ये निवडलेल्या नोडपुरतीच त्रिज्या बदलायची सोय आहे, ती वापरली. आता फट पहिल्यापासून शेवटपर्यंत १ मिलिमीटर राहते. एवढ्या एका जागेवर संध्याकाळ गेली आणि ती जायलाच हवी होती.

१८ सप्टेंबर

स्थानकांचे ठिपके. एकच वर्तुळ काढले आणि बाकी सगळे त्याचे क्लोन, म्हणजे मूळाशी जोडलेल्या प्रती, ऑल्ट-डी. मूळ वर्तुळाचा व्यास बदलला की सगळ्या मुंबईतले ठिपके एकदम बदलतात. मोठ्या प्रिंटवर ठिपका बारीक वाटला तर एका जागी दुरुस्ती. शिफ्ट-डी दाबले की कुठल्याही क्लोनवरून मूळ वर्तुळाकडे जाता येते.

क्लोनला वेगळा रंग देता येत नाही असा समज आमच्या छपाईच्या धंद्यातही बऱ्याच जणांचा आहे. देता येतो. मूळ वर्तुळाचा रंग आधी ‘अनसेट’ करायचा, म्हणजे फिल अँड स्ट्रोकमधले प्रश्नचिन्हाचे बटण. रंग नाही असे नव्हे, रंग ठरवलेला नाही असे. मग प्रत्येक क्लोन आपापल्या मार्गाचा रंग घेतो आणि आकार मात्र मूळ वर्तुळाचाच राहतो.

नोडवर मार्कर लावूनही ठिपके आले असते, पण कॉर्नर्स इफेक्ट वळणांवर स्वतःचे जास्तीचे नोड घालतो आणि तिथेही भलते ठिपके उमटतात. म्हणून क्लोनच.

२१ सप्टेंबर, रविवार

मोनोरेल कालपासून नूतनीकरणासाठी बंद झाली. चेंबूर ते संत गाडगे महाराज चौक हा तुकडा मी मेट्रोच्याच लेयरवर घेतला होता, तो काढून स्वतंत्र उप-लेयरवर ठेवला आणि त्या लेयरचा डोळा मिटला, म्हणजे तो लपवला. पुसायचे काहीच नाही. सुरू झाली की डोळा उघडायचा.

दादरचे जोडस्थानक आज केले. ९ डिसेंबर २०२३ पासून दादरच्या फलाटांना सलग क्रमांक आहेत : पश्चिमेचे १ ते ७, मध्यचे ८ ते १४. नव्या मुलांना दादरलाच सगळ्यात जास्त चुकल्यासारखे होते, म्हणून या एका स्थानकाच्या लांबट गोलात फलाटांचे आकडे घातले आहेत. बाकी कुठेही नाहीत. सगळीकडे घातले तर नकाशा वाचणार कोण?

२६ सप्टेंबर, शुक्रवार

नावांची जुळणी. या कामाचा गाभा इथेच आहे, त्यामुळे सविस्तर लिहिते.

अलाइन अँड डिस्ट्रिब्यूटमधली साधी मध्यजुळणी नावाभोवतीची चौकट मोजते. ‘दादर’ला वर काही नाही, खाली काही नाही. ‘मुंब्रा’ला वर अनुस्वार, खाली उकार आणि ब-ला जोडलेला र. चौकटीच्या मध्याने दोन्ही नावे आपापल्या ठिपक्यांशी जुळवली तर एकाची शिरोरेषा वर राहते, दुसऱ्याची खाली, आणि डोळ्याला ते लगेच कळते, कारण आपण मराठी वाचतो ते शिरोरेषेच्या आधाराने. रोमन लिपीत असा फरक कमी जाणवतो. आपल्याकडे नावांची उभी ओळ हलल्यासारखी दिसते.

उपाय बेसलाइनमध्ये, म्हणजे अक्षरे खाली ज्या अदृश्य रेषेवर टेकतात तिच्यात, सापडतो. त्याच खिडकीत मजकुराच्या बेसलाइन जुळवण्याची आणि समान अंतरावर वाटण्याची वेगळी बटणे आहेत. रीत अशी : चर्चगेटचे नाव त्याच्या ठिपक्याशी डोळ्याने नीट बसवायचे, शिरोरेषा आणि बेसलाइन यांच्या बरोबर मधोमध ठिपक्याचे केंद्र यावे असे. मात्रा, अनुस्वार, उकार हिशेबात धरायचेच नाहीत. सरळ पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाचे नावही तसेच बसवायचे. मग मधली सगळी नावे निवडून बेसलाइन समान वाटायच्या. ठिपके आधीच समान अंतरावर आहेत, त्यामुळे प्रत्येक नाव आपोआप आपल्या ठिपक्यासमोर येते. चर्चगेट, मरीन लाइन्स, चर्नी रोड, ग्रँट रोड... शिरोरेषांची शिडी आता सरळ दिसते.

दोन ओळींच्या नावांना हा नियम पुरत नाही. ‘मुंबई सेंट्रल’ दोन ओळींत तोडले की वरच्या ओळीतल्या ‘मु’चा उकार खालच्या ‘सें’च्या मात्रेवर आणि अनुस्वारावर येतो. इंकस्केपचे ओळींतले मूळ अंतर १.२५. तेवढ्यात चिन्हे एकमेकांना टेकत नाहीत, पण चार हातांवरून त्यांचा एकच काळा पुंजका होतो. १.४ केल्यावर सुटे वाचता आले. इंग्रजी नकाशांत अशी नावे दाटून बसवतात. आपल्याला ती चैन परवडणारी नाही.

रुळाच्या उजवीकडची नावे डावी-जुळणीने आणि डावीकडची उजवी-जुळणीने लावली आहेत. नुसत्या दिसण्यासाठी नव्हे. उद्या ‘करी रोड’ खोडून ‘लालबाग’ किंवा ‘किंग्ज सर्कल’ खोडून ‘तीर्थंकर पार्श्वनाथ’ टाइप केले तर नाव ठिपक्याकडचे टोक धरून बाहेरच्या बाजूला वाढेल, रुळावर चढणार नाही. टाइप करणाऱ्याला जुळणीतले काही माहीत नसले तरी चालेल.

जिथे नाव दुसऱ्या रुळावरून जाते तिथे अक्षरांना पांढरी कड. स्ट्रोक स्टाइलमध्ये ‘ऑर्डर’ असते, तिथे कड आधी आणि भराव वर असा क्रम निवडला, म्हणजे अक्षर बारीक होत नाही. जोड गोल निवडायचा. टोकदार ठेवला तर ‘ळ’ आणि ‘क्ष’च्या खाचांतून पांढरे काटे बाहेर येतात.

२ ऑक्टोबर, दसरा

रंग. प्रत्येक मार्गाचा रंग स्वॉच म्हणून ठेवला, म्हणजे एका जागी बदलला की त्या मार्गाच्या रेघा आणि ठिपके दोन्ही बदलतात. मेट्रोची नावेच रंगांची आहेत : १ निळी, २अ पिवळी, ७ लाल, ३ अॅक्वा. ते पाळायलाच हवे. पांढऱ्यावर पिवळी दिसत नाही म्हणून तिला हळदीकडे झुकवले. रेल्वे जाड, मेट्रो २.५ मिलिमीटर. रंग ओळखायला अडचण असलेल्या माणसालाही जाडीवरून फरक कळेल.

पडद्यावरचा अॅक्वा छापून तसा येणार नाही, हे धंद्यामुळे माहीत आहे. इंकस्केप आरजीबीत, म्हणजे पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांत, काम करतो आणि छपाई चार शायांत होते. झळझळीत हिरवट-निळे तिथे नेहमी मरगळतात. म्हणून ए-४ वर नुसत्या रंगपट्ट्या छापून घेतल्या आणि कागदावर बरा दिसणारा रंग निवडून स्वॉचमध्ये भरला.

९ ऑक्टोबर, गुरुवार

मेट्रो ३ आजपासून कफ परेडपर्यंत लोकांसाठी खुली. काल उद्घाटन झाले. आरे ते कफ परेड पूर्ण मार्ग, ३३.५ किलोमीटर, २७ स्थानके. त्यातली शेवटची ११ आजची.

या दिवसासाठी तयारी होती. दक्षिणेकडचा तुकडा मी तुटक रेघेने आधीच काढून ठेवला होता, आचार्य अत्रे चौकापाशी तोडलेला. आज दोन्ही तुकडे निवडून कंबाइन केले, टोकाचे दोन नोड शिफ्ट-जे ने जोडले आणि रेघ सलग केली. ठिपके म्हणजे क्लोन, नावे बेसलाइन वाटून. गिरगाव, काळबादेवी, हुतात्मा चौक, विधान भवन अशी नावे लोकलच्या नकाशात पहिल्यांदा आली आणि दक्षिण मुंबईचा मधला रिकामा भाग भरला. गिरगावात वाढलेल्या माणसाला याचा किती आनंद होतो ते वेगळे सांगत नाही. सगळी भर चहा गार व्हायच्या आत झाली.

एक निर्णय मात्र विचार करून घेतला. मेट्रोचे दादर रेल्वेच्या दादरला चिकटून नाही, रस्त्याने चालत जावे लागते. म्हणून लांबट गोल फक्त जिथे आतल्या आत गाडी बदलता येते तिथेच, आणि बाहेर पडून चालायचे असेल तिथे बारीक ठिपक्यांची रेघ. ड्युटीवर वेळेत पोचायचे असलेल्या मुलाला हा फरक आधी कळायला हवा.

११ ऑक्टोबर, शनिवार

छपाईची प्रत. मूळ फाइल तशीच ठेवून वेगळ्या नावाने जतन केली आणि त्या प्रतीतच मजकुराचे पाथ केले, म्हणजे टाइप केलेल्या अक्षरांचे नुसते आकार केले. ऑब्जेक्ट टू पाथ केल्यावर नावाचा एक गट होतो आणि त्यात प्रत्येक अक्षर सुटे असते. देवनागरीत अक्षरे शिरोरेषेवर एकमेकांवर थोडी चढलेली असतात. आता पांढरी कड प्रत्येक अक्षराला स्वतंत्र लागते, आणि ‘कळवा’मधल्या ‘ळ’ची कड ‘क’च्या शिरोरेषेचे टोक खाते. मोठे करून पाहिले तर शिरोरेषेत पांढऱ्या चिरा. म्हणून प्रत्येक नावावर युनियन, कंट्रोल-अधिक. शिरोरेषा एकसंध होते आणि कड सगळ्या शब्दाभोवती बाहेरून फिरते. सगळी नावे एकदम निवडून युनियन करायचे नाही, नाहीतर साऱ्या मुंबईचा एकच पाथ होतो. एकेक नाव घ्यायचे.

वर्गात वाटायची पाने : ए-१ नुसता लहान करून ए-४ वर घेतला तर लांबी २.८३ पटीने घटते, म्हणजे २४ पॉइंटचे नाव साडेआठवर येते. ट्यूबलाइटखाली ते वाचण्याजोगे नाही. म्हणून मूळ फाइलमध्येच पेज टूलने तीन ए-४ पाने जोडली : दक्षिण, मध्य, उत्तर. प्रत्येकात सगळ्या नकाशाचा क्लोन, मोठा करून, पानाच्या चौकटीत क्लिप केलेला. मूळ नकाशात नाव बदलले की तिन्ही पाने बदलतात.

१३ ऑक्टोबर, सोमवार

लागला. पॅसेजमध्ये, पाण्याच्या फिल्टरशेजारी, डोळ्यांच्या उंचीवर.

१५ ऑक्टोबर, बुधवार

मुले बोटाने मार्ग काढतात आणि भांडतात. नववीतल्या एकाने विचारले, “मॅडम, परळहून प्रभादेवीला पुलावरून जाता येतं, करी रोडहून लोअर परळला चालत जाता येतं, ते का नाही दाखवलं?” बरोबर आहे. मध्य आणि पश्चिम रेल्वे इथे इतक्या जवळ आहेत की दादरला न जाताही बदलता येते, आणि गिरणगावात काम करणारा प्रत्येक जण तेच करतो. मेट्रोसाठी केलेली ठिपक्यांची रेघ इथेही हवी. दोन्ही जागी घातली. परळ-प्रभादेवी सोपे होते. करी रोड आणि लोअर परळच्या मध्ये ‘लोअर परळ’ हे नाव आडवे येत होते, ते रुळाच्या डावीकडे नेऊन उजवी-जुळणी दिली.

भिंतीवरच्या ए-१ वर हा बदल पुढच्या छपाईत येईल. दक्षिणेचे ए-४ पान उद्या सुट्टीआधी पुन्हा काढून वाटायचे. फाइल शाळेच्या संगणकावर आहे, मुक्ता टंक तिथे चढवला आहे, आणि ‘टिपणे’ लेयरवर लिहून ठेवले आहे की नाव बदलायचे असेल तर टी दाबून थेट टाइप करा, दुसरे कशालाच हात लावायला नको. गोरेगावहून बोरिवलीकडे जाणारा हार्बरचा विस्तार त्याच लेयरवर तुटक रेघेने काढून ठेवला आहे.